एकशे दोन रहिवासी

‘मॉर्निंग बेल’ ही आगबोट न्यू कॉरिंथच्या काठाशी अडकली, तेव्हा थर्झा पेल्टनला वाटलं होतं की दोन दिवसांचाच प्रश्न आहे. नोव्हेंबर निम्मा सरला होता. मिसूरी नदीतून आदल्या दिवसापासून बर्फाचे ताटाएवढे तुकडे वाहत येत होते. सरपणाचं लाकूड भरायला कप्तानाने बोट काठाला लावली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं चाक फिरेना. नदी या काठापासून त्या काठापर्यंत पांढरी आणि गप्प झाली होती.

चौथ्या दिवशी कप्तान आपले खलाशी घेऊन बर्फावरून दक्षिणेकडे चालत निघाला. “एप्रिलमध्ये नदी मोकळी झाली की येतोच,” तो उतारूंना म्हणाला. “तोवर कर्नलसाहेब आहेत तुमची काळजी घ्यायला.”

थर्झाला एप्रिलपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. तिची धाकटी बहीण डिलाइट नदीच्या वरच्या अंगाला नव्वद मैलांवर राहत होती. तिचा नवरा एसा तिथल्या मिशनमध्ये लोहारकाम करायचा. डिलाइटची दोन बाळं जन्मतःच गेली होती. तिसऱ्या खेपेला तिने ओहायोला पत्र पाठवलं, “तू असलीस तर मी घाबरणार नाही. फेब्रुवारीत दिवस भरतात.” थर्झा सत्तावीस वर्षांची होती, लग्न झालेलं नव्हतं, शाळेत शिकवायची. तिने शाळा सोडली, ट्रंक भरली आणि निघाली. उशीर होऊ नये म्हणून तीन महिने आधीच निघाली होती.

कर्नल लॅथ्रॉप कुठल्या फौजेत कर्नल होते ते कोणालाच ठाऊक नव्हतं. गाव मात्र त्यांचं. दोन वर्षांपूर्वी सरकारने ओटो या इथल्या मूळ जमातीकडून ही जमीन घेतली, त्या वसंतात कर्नल खुंट्या आणि दोरी घेऊन आले आणि चौऱ्याऐंशी रस्ते आखले. त्यांनी छापून घेतलेल्या नकाशात टेकडीवर उंच मनोऱ्याचं चर्च होतं, कॉलेज होतं, धक्क्याला एका वेळी सहा बोटी लागलेल्या होत्या. प्रत्यक्षात ओंडक्यांच्या नऊ झोपड्या, एक लाकूडगिरणी आणि गिरणीच्या माळ्यावर ‘हॉटेल’. टेकडीवर गवत होतं.

उतारूंमधली पुरुष मंडळी बोटीतच राहिली. थर्झाला कर्नलांच्या घरात जागा मिळाली. चुलीच्या बाजूला पडदा लावला, त्यामागे तिची खाट. कर्नलांची बायको अल्मेडा तिशीची होती, पण चालताना खाली बघून चालायची, म्हणून थोराड वाटायची. पहिल्या दिवशी तिने थर्झासमोर मक्याच्या कण्यांचं ताट ठेवलं, भाजलेल्या मक्याची काळी कॉफी ओतली, आणि विचारलं, “ओहायोत सफरचंदं कशी झाली यंदा?” थर्झाने सांगितलं, की फांद्यांना टेकू द्यावे लागले.

आठ दिवसांनी थर्झाने कर्नलांना विचारलं, “तुमच्याकडे बैलजोडी आहे, बर्फावरची घसरगाडी आहे. मला बहिणीकडे पोचवाल का?”

“पोचवू की,” कर्नल मोकळेपणाने म्हणाले. ते नेहमीच मोकळेपणाने बोलायचे. “हवा जरा निवळू दे. तुमच्यासारख्या बाईला मी वादळात घालू होय?”

हवा निवळली नाही. डिसेंबरात बर्फ कमरेच्या वर गेला. बोटीवरचे दोन तरुण कंटाळून पायी निघाले. पाचव्या दिवशी त्यातला एकच परतला, आणि त्याच्या पायांची सात बोटं कापावी लागली. ते काम योस्टने केलं. योस्ट हा बोटीच्या इंजिनावरचा जर्मन माणूस. कप्तानाने त्याला बॉयलर राखायला मागे ठेवलं होतं. काम झाल्यावर तो बाहेर येऊन पायरीवर बसला आणि थर्झाला म्हणाला, “मिस पेल्टन, मी लोखंडाचा माणूस आहे हो. हे माझं काम नाही.” त्यानंतर कोणी चालत जायची भाषा केली नाही.

उरली पत्रं. टपालवाला नदीच्या पलीकडच्या, आयोवाच्या काठाने घोड्यावरून जायचा आणि दर दोन आठवड्यांनी बर्फ ओलांडून इकडे यायचा. गावाचे पोस्टमास्तरही कर्नलच. थर्झाने बहिणीला चार पत्रं लिहिली. पहिल्यात सगळं खरं खरं कळवलं: बोट अडकली आहे, इथे नऊ झोपड्या आहेत, खायला कण्या आणि खारवलेलं डुकराचं मांस, गावाचा मालक मोठ्या बाता मारतो, पण तू धीर सोडू नकोस, वाट निघाली की मी निघालेच. उत्तर आलं नाही. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या पत्रांनाही नाही. बोटीवरच्या कोणालाच उत्तरं आली नव्हती.

“रस्ते बंद आहेत,” कर्नल सांगायचे. “सगळ्या मुलखाची हीच तऱ्हा.”

जानेवारीत कर्नलांची धावपळ सुरू झाली. नव्या टॅल्मन काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, मुख्य ठाणं कुठे, ते अजून ठरायचं होतं. वरच्या अंगाला आठ मैलांवर ग्रीनली नावाचं गाव टपून बसलं होतं. कायदेमंडळाने अट घातली होती: महिनाअखेर ज्या गावात शंभर कायमचे रहिवासी असतील, त्या गावात कचेरी, तिथेच कोर्ट, तिथेच तुरुंग. ज्या गावात कचेरी ते गाव जगणार, दुसऱ्याच्या रस्त्यांवर गवत उगवणार, हे गिरणीवरचे ओंडके उचलणारेही ओळखून होते.

एका दुपारी गिरणीवाला ऑर्विल टिब्स टोपी चुरगाळत थर्झाकडे आला. मोठ्या अंगाचा, लाजाळू माणूस.

“मला काउंटीचा कारकून निवडलंय, मिस पेल्टन.”

“अभिनंदन.”

“अभिनंदन कसलं! मला सही तेवढी येते. ओंडक्यांवर खुणेचा ‘ओ’ काढतो ना, तशी. यादी करायचीय, राजधानीला पाठवायचीय. कर्नल म्हणाले, तुमचं अक्षर मोत्यासारखं आहे.”

थर्झाला हाताला काही काम हवंच होतं. कर्नलांच्या टेबलावर नवी कोरी नोंदवही उघडली. ऑर्विल नावं सांगू लागला, ती लिहू लागली. नाव, वय, धंदा, वास्तव्य. गावचे एकोणचाळीस झाले. मग ऑर्विल खाकरला आणि बोटीवरच्या माणसांची नावं सांगू लागला.

“हे कुठे राहतात इथे? हे तर अडकलेत,” थर्झा म्हणाली.

“कर्नल म्हणतात, जो जाऊ शकत नाही तो राहतोच की.”

तिने लिहिलं. ओळी वाढत गेल्या. त्र्याहत्तराव्या ओळीवर तिने स्वतःचं नाव लिहिलं. धंदा: शिक्षिका. वास्तव्य: कायम. ‘कायम’ हा शब्द लिहिताना तिचा हात जरा थबकला, पण वरच्या बहात्तर ओळींतही तोच होता. शेवटी बेरीज झाली एकशे दोन. दोन माणसं जास्तीची. बैलगाडी आपल्याला का मिळत नाही, याचा उलगडा तिला त्या क्षणी झाला. ती गेली असती तर गाडी हाकणारा गेला असता. तिच्या पाठोपाठ आणखी एखादा निघाला असता. शंभराच्या खाली यादी आली असती.

“लाख कुठे आहे? मोहर लावायला?” तिने ऑर्विलला विचारलं.

“कर्नलांच्या खणात असेल. ते गिरणीवर गेलेत. अल्मेडाबाईंना विचारा.”

अल्मेडा चुलीजवळ होती. थर्झाने खण ओढला. लाखेची कांडी वरच होती. तिच्याखाली सुतळीने बांधलेला कागदांचा गठ्ठा होता, आणि सगळ्यात वरच्या पाकिटावर तिचंच अक्षर होतं. ‘श्रीमती डिलाइट वॉल्डो.’ चारी पत्रं तिथेच होती. तीन फोडलेली, चौथं फोडायचीही तसदी घेतलेली नव्हती. खाली योस्टची पत्रं, त्याच्या आईच्या नावाची. त्याखाली आणखी कितीतरी.

मागून अल्मेडाचा आवाज आला. “तळाला माझीपण आहेत.”

थर्झाने वळून बघितलं.

“दोन वर्षांची. आईला लिहिलेली. मला वाटायचं, आई रागावली म्हणून उत्तर देत नाही. मग मागच्या हिवाळ्यात मीही असाच खण उघडला.”

“तुम्ही मला सांगितलं का नाही?”

“सांगून काय केलं असतंस? मी काय केलं?” अल्मेडाने हात पदराला पुसावे तसे झग्याला पुसले. “तू रोज खिडकीशी बसून लिहायचीस. तेवढा वेळ तरी तुझा चेहरा बरा दिसायचा गं.”

कर्नल आले ते पायांचा बर्फ झटकत, खुशीत. टेबलावरचा गठ्ठा बघून त्यांनी कोट काढला, खुंटीला लावला आणि खुर्ची ओढली. ते ओशाळले नाहीत, चिडलेही नाहीत. थर्झाला त्याचीच जास्त भीती वाटली.

“हा गुन्हा आहे,” ती म्हणाली. “टपाल अडवणं. मी सरकारकडे तक्रार करीन.”

“कशी?” कर्नलांनी विचारलं. “पत्र लिहून?”

तिने गठ्ठा दोन्ही हातांखाली दाबून धरला.

“मिस पेल्टन, जरा शांतपणे ऐका. तुम्ही लिहिलंत, नऊ झोपड्या. खोटं नाही. पण वसंतात लोक आले तर नव्वद होतील. तुमचं पत्र चार ठिकाणी वाचलं गेलं तर कोणी येणार नाही, आणि नवाच्याही चार होतील. मग खरं काय? आजचे नऊ, का उद्याचे नव्वद?”

“माझी बहीण बाळंत होणार आहे. मला गावाशी काही देणंघेणं नाही.”

“मग प्रश्नच मिटला,” कर्नल म्हणाले आणि कोरा कागद तिच्यापुढे सरकवला. “टपालवाला उद्या सकाळी येतोय. मी सांगतो तसं लिहा. पत्र माझ्या हाताने त्याच्या पिशवीत टाकतो, तुमच्यासमोर. दहा दिवसांत बहिणीला पोचेल. आपली ताई जिवंत आहे, सुखरूप आहे एवढं तिला कळेल. का तेही नको?”

थर्झाने योस्टचं विचारलं, बाकीच्यांचं विचारलं. “तेही असं लिहितील तेव्हा त्यांचीही जातील,” कर्नल म्हणाले. अल्मेडा कण्या ढवळत राहिली.

थर्झाने लेखणी उचलली. आपण किती वेळ नकार दिला होता, हे तिला पुढे कधी नीट आठवलं नाही. आठवायची ती डिलाइट, ओसरीत उभी, नदीकडे बघणारी. काही न कळण्यापेक्षा काहीतरी कळलेलं बरं, असं तिने स्वतःला समजावलं. कर्नल फेऱ्या मारत सांगत गेले, ती लिहीत गेली: न्यू कॉरिंथ हे भरभराटीचं गाव आहे, हवा निरोगी, शेजार सज्जन. रविवारी चर्चमध्ये मन प्रसन्न होतं. मुलांसाठी शाळा आहे आणि मी तिथे शिकवते. मी इथे आनंदात आहे. खाली तिने सही केली. जागा उरली होती तिथे ‘तुझी आठवण येते’ असं लिहायला गेली, तर कर्नल म्हणाले, “पुरे. शाई सांडेल.”

पत्र खरंच गेलं. तिने स्वतः पिशवीत पडताना पाहिलं. त्याची एक प्रत कर्नलांनी आदल्या संध्याकाळीच उतरवून घेतली होती, हे तिला माहीत नव्हतं.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात राजधानीहून निरोप आला. मुख्य ठाणं न्यू कॉरिंथला मिळालं. ‘मॉर्निंग बेल’ची घंटा तासभर वाजवली, गिरणीत नाच झाला. योस्ट थर्झाजवळ येऊन म्हणाला, “आता मीपण काउंटीवाला झालो म्हणे! आईला कळवलंय, पण ती काही उत्तर देत नाही. डोळ्यांनी अधू झालीय, कोणाकडून लिहवून घेईल ते घेईल.” थर्झाने मान हलवली. तिला सांगायचं होतं. पण सांगितलं तर, तुझं पत्र कसं गेलं, असं तो विचारणार. ती पाणी प्यायचं निमित्त करून उठली.

धान्य संपत आलं तसे बैल कापले. घसरगाडी दारात उलटी पडून राहिली. थर्झा आता खिडकीशी बसत नसे. सकाळी उठायची, वेणी घालायची, नोंदवहीत पहिल्या कोर्टाचा, पहिल्या हद्दींचा, पहिल्या मृत्यूचा तपशील सुंदर अक्षरात लिहायची. अंगणात गेलं की चारी बाजूंना सारखंच पांढरं, आणि आवाज फक्त आपल्या श्वासाचा. कधीकधी तिला वाटायचं की ओहायो, शाळा, सफरचंदाची झाडं हे सगळं कोणीतरी आपल्याला सांगितलेलं आहे, आणि आपण जन्मापासून त्र्याहत्तराव्या ओळीवरच आहोत.

मार्चमध्ये उत्तर आलं. आता अडवण्यासारखं काही नव्हतं, म्हणून कर्नलांनी ते स्वतः आणून दिलं. चारच ओळी होत्या.

‘नऊ फेब्रुवारीला मुलगी झाली. दोघी जिवंत आहोत. ओमाहा जमातीची एक म्हातारी दोन रात्री माझा हात धरून बसली होती, मला तिची भाषा येत नाही आणि तिला माझी. तुला तिथे चर्च आणि शाळा मिळाली हे वाचून बरं वाटलं, आता येण्याची तसदी घेऊ नकोस.’

थर्झाने ते पत्र तीनदा वाचलं. मग घराबाहेर येऊन उलट्या घसरगाडीवर बसली. अल्मेडा तिच्या मागून शाल घेऊन आली, पण खांद्यावर टाकायचा धीर झाला नाही तिला. शाल हातात धरूनच उभी राहिली.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नदी फुटली. तोफा डागल्यासारखे आवाज झाले आणि घराएवढे बर्फाचे तुकडे एकमेकांवर चढत निघाले. उतारू वेळीच काठावर आले होते, पण ‘मॉर्निंग बेल’ला त्या तुकड्यांनी कुशीत घेऊन अक्रोडासारखी फोडली. तिची वरची केबिन तेवढी काठावर फेकली गेली. पुढच्या आठवड्यात दक्षिणेकडून पहिली बोट आली. बोट वर जाणार होती, मिशनच्या धक्क्यापर्यंत. थर्झाची ट्रंक सकाळपासून तयार होती. योस्टने ती उचलून डेकवर ठेवली.

बोटीतून मात्र माणसं उतरतच होती. अकरा कुटुंबं. चुली, पेट्या, कोंबड्यांचे पिंजरे, एक पाळणा. एक उंच, उन्हाने रापलेली बाई तीन पोरांना घेऊन फळीवरून खाली आली आणि समोर बघत उभी राहिली. तिच्या हातात वर्तमानपत्राचं कात्रण होतं.

“अहो बाई,” तिने थर्झाला विचारलं, “गाव कुठल्या बाजूला?”

“हेच गाव.”

“नाही हो. न्यू कॉरिंथ. हे बघा ना, मिस थर्झा पेल्टनचं पत्र छापून आलंय आमच्याकडे. चर्चमध्ये वाचून दाखवलं. माझे यजमान म्हणाले, जाहिरातीवर मी विश्वास ठेवत नाही, पण ही एका बहिणीने बहिणीला लिहिलेली गोष्ट आहे. बहिणीला कोण खोटं लिहील?” तिने आजूबाजूला बघितलं. “मी झर्वाया मॉट. तुम्ही ओळखता का या पेल्टनबाईंना?”

बोटीची पहिली घंटा झाली. थर्झाने कात्रण हातात घेतलं. शब्द न् शब्द तिचा होता.

“मीच ती,” ती म्हणाली. आणि मग तिचा आवाज चढला, शाळेत मागच्या बाकापर्यंत पोचवायची तसा. “ऐका सगळे! या पत्रातलं एक अक्षर खरं नाही. चर्च नाही. शाळा नाही. माझ्याकडून हे लिहून घेतलं, आणि मी लिहिलं. आमची सगळ्यांची पत्रं कर्नलांच्या खणात पडून आहेत. योस्ट, तुझीसुद्धा. तुझ्या आईला एकही पोचलेलं नाही. मला जानेवारीपासून ठाऊक आहे. ज्यांना परत जायचंय त्यांनी सामान उतरवू नका. ही बोट चार दिवसांनी याच वाटेने खाली जाईल.”

नव्या लोकांच्या स्वागताला कर्नल काठावर उभेच होते. मग योस्ट गर्दीतून सरळ कर्नलांकडे चालत गेला आणि त्याने त्यांच्या तोंडावर एकच ठोसा मारला. त्याला चौघांनी धरलं. अल्मेडा घरात गेली ती खणासकट बाहेर आली आणि पायरीवर बसून पत्रांचे ढीग करू लागली, कोणाचं कुठलं ते बघत.

अकरांपैकी दोन कुटुंबं परत बोटीत चढली. बाकीची तिथेच उभी राहिली. झर्वायाचा नवरा चुलीवर बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. “जायचं कुठे? शेत विकून आलोय,” तो कोणालाच न उद्देशून म्हणाला.

दुसरी घंटा झाली. थर्झा फळीकडे वळली.

“आम्हाला इथे बोलावून तू कुठे निघालीस गं?” झर्वायाने विचारलं. तिने ते ओरडून विचारलं नाही. धाकट्या पोराचं नाक पुसता पुसता विचारलं.

थर्झा बोटीत चढली आणि गाव वळणाआड जाईपर्यंत दुसऱ्या बाजूला तोंड करून उभी राहिली.

डिलाइट दारातच होती, कडेवर मुलगी. तिने थर्झाला आत घेतलं, वाढलं, खाट दिली. पहिले तीन दिवस ती पाहुण्याशी बोलावं तसं बोलली. चौथ्या दिवशी कपडे धुताना थर्झाने सगळं सांगितलं. खण, कोरा कागद, कर्नलांच्या फेऱ्या, सगळं.

“एक तरी ओळ खरी लिहायचीस,” डिलाइट म्हणाली.

“सही खरी होती.”

“तीच तर लागली मला.” डिलाइटने चादर पिळली. ती दोरीवर टाकता टाकता म्हणाली, “तिच्या बारशाचं अजून राहिलंय. तुझं नाव ठेवणार होते. मग ते पत्र आलं.” त्या दोघी त्या दिवशी एवढंच बोलल्या. पण संध्याकाळी डिलाइटने मुलगी तिच्या मांडीवर आणून ठेवली आणि स्वतः गाय दोहायला गेली.

थर्झा तिथे नऊ आठवडे राहिली. मुलीला पहिला दात आला नव्हता, पण ती हसायला लागली होती. एसा म्हणाला, ताई, इथेच राहा, मिशनमध्ये शिकवा. थर्झाला राहायचंही होतं. पण खाली जाणाऱ्या प्रत्येक बोटीची शिट्टी वाजली की ती हातातलं काम सोडून उठायची. जूनच्या मध्यावर एक दिवस ती उठली ती ट्रंक घेऊनच. डिलाइटने अडवलं नाही. “या खेपेला खरं लिही,” एवढंच म्हणाली.

न्यू कॉरिंथच्या काठावर आता चौदा घरं होती. अल्मेडा नव्हती. ती एप्रिलमधली तीच बोट परतली तेव्हा तिच्यातून खाली गेली होती. आईला लिहिलेली पत्रं टपालाने नको, हातानेच देते, म्हणाली होती. कर्नल होते. समोरचा एक दात नव्हता, पण ते काउंटीचे न्यायाधीश झाले होते, नव्या लोकांनीच निवडून दिलेले. ग्रीनलीवाले ठाणं पळवायला बघतात, त्यांना तोंड देणारा माणूस दुसरा कोण आहे, असं लोकांचं म्हणणं पडलं. योस्ट काउंटीचा पहिला कैदी ठरला. ‘मॉर्निंग बेल’च्या फुटक्या केबिनला कुलूप लावून तुरुंग केला होता, त्यात त्याने तीन दिवस काढले. सुटल्यावर तो लगेच घरी निघून गेला. कर्नलांनी थर्झाला बघून टोपी उचलली. “रहिवासी परत आले म्हणायचे,” ते म्हणाले.

तिने शाळा सुरू केली. कॉटनवुडच्या एका मोठ्या झाडाखाली, ओंडक्यांवर बसवून, अकरा मुलं. त्यात मॉट मंडळींची दोन. तिसरं, धाकटं, मे महिन्यात तापाने गेलं होतं. नोंदवहीत ते नाव ऑर्विलच्या वाकड्या अक्षरात होतं.

रोज शाळा सुटली की ती एक पत्र लिहायला बसायची. ज्या वर्तमानपत्रात ते छापून आलं होतं त्याच्या संपादकाला. सगळं खरं, पहिल्यापासून. ते पूर्ण झालं त्या दिवशी तिने ते झर्वायाला वाचून दाखवलं. तिच्यापेक्षा जास्त हक्क कोणाचा होता?

झर्वाया घमेल्यात शेंगा सोलत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, “हे पाठवू नकोस.”

“का?”

“हे छापलं तर कोण येईल? नदीपलीकडच्या माणसाने दळणाची गिरणी घालतो म्हटलंय, तो येणार नाही. डॉक्टर येणार नाही. डॉक्टर असता तर माझा...” तिने शेंग पुन्हा घमेल्यात टाकली. “आम्ही इथून हलू शकत नाही, थर्झा. मग माणसंच इथे यायला हवीत ना? उलट माझ्या बहिणीला एक पत्र लिहून दे. तिच्या नवऱ्याला सुतारकाम येतं. लिही, इथे चांगली शाळा आहे. ते काही खोटं नाही आता.”

थर्झाने संपादकाच्या पत्राची घडी घातली. कर्नलांनी कोरा कागद पुढे सरकवला होता तेव्हा त्यांचा तिरस्कार करता आला होता. झर्वायाचा कसा करायचा?

तिने दुसरा कागद घेतला. झर्वाया सांगत गेली, ती लिहीत गेली. माती काळी आहे. मका कमरेएवढा झाला. इथे शाळा आहे. त्यापुढे तिने स्वतःच्या मनाने दोन ओळी घातल्या आणि मोठ्याने वाचल्या: “शाळेला अजून छप्पर नाही. गावात डॉक्टर नाही, आणि मे महिन्यात आमचा लहानगा गेला.”

“ते खोड,” झर्वाया म्हणाली.

“तू खोड,” थर्झाने लेखणी तिच्यापुढे धरली. “मी नाही खोडणार.”

झर्वायाला लिहिता येत नव्हतं, पण रेघ कोणालाही मारता येते. तिने लेखणी घेतली. टोकाला शाईचा थेंब जमत होता. “कुठल्या ओळीत आहे तो?” तिने विचारलं. थर्झाने बोट ठेवून दाखवलं. झर्वायाने ती अक्षरं बराच वेळ न्याहाळली. मग लेखणी हळूच दौतीत ठेवली, हात पुसले आणि घमेलं पुन्हा मांडीवर ओढलं.

“त्याचं नाव लिहिलं नाहीस,” ती म्हणाली. “जोटम. जोटम लिही.”